आधी गोळी की आधी रक्त?

रात्रीचे साडेदहा वाजले होते. आमच्या दिघोरीत एवढ्या रात्री दारावर थाप पडली की काळजात धस्स होतं. पण त्या दिवशी सगळ्या गल्लीचे दिवे सुरू होते. आशाताई दुपारीच सांगून गेल्या होत्या, "आज रात्री जागे राहा, हत्तीरोगाचं रक्त घ्यायला येणार आहेत."

धानाची कापणी आटोपली होती. थंडी नुकतीच सुरू झालेली. आम्ही सगळे शाली गुंडाळून ओसरीवर बसलो होतो. लॅबवाले भाऊ आले, सोबत एक सिस्टर होत्या. बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचे दोन-तीन थेंब घ्यायचे, एवढंच काम. माझं झालं, ह्यांचं झालं, दोन्ही मुलांचं झालं. सासूबाईंचा नंबर आला आणि त्या खाटेवरून उठता उठता एकदम खालीच बसल्या. म्हणाल्या, "गरगर करून रायलं वं."

सिस्टरनी लगेच बीपी बघितलं. १९०/११०! मी चकितच झाले. म्हटलं, "आई, गोळी घेतली नाही का आज?" सासूबाई गप्प. मग हळूच म्हणाल्या, "आज नाही, सहा दिवस झाले."

"काहून?"

"अवं, गोळी खाल्ली का रक्त खराब निघते म्हने. रिपोर्ट गलत येते. शेजारच्या काकूनं सांगितलं. म्हून रक्त होईस्तोवर बंद केली मी."

मैत्रिणींनो, मला हसावं की रडावं तेच कळेना. दहा वर्षांपासून रोज सकाळी न चुकता बीपीची गोळी घेणारी बाई, आणि एका थेंबभर रक्तासाठी तिनं सहा दिवस गोळी बंद ठेवली! त्या रात्री आम्ही आळीपाळीनं त्यांच्या उशाशी बसून काढली. सकाळी आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी तपासून गोळी पुन्हा सुरू केली. देवाची कृपा की एवढ्यावरच निभावलं. लकवा मारला असता तर?

मी सासूबाईंवर खूप चिडले. पण पुढे आठ दिवसांनी माझ्यावर काय वेळ आली ते ऐका.

रिपोर्ट आले. सासूबाईंचं रक्त स्वच्छ. ह्यांचं, मुलांचं स्वच्छ. आणि माझ्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू!

माझा विश्वासच बसेना. मला ना पायाला सूज, ना कधी थंडी-ताप. चांगली धडधाकट बाई मी. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "भाऊ, मी रोज थायरॉईडची गोळी घेते. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून दुखण्याची गोळीही घेते. त्यानं तर रिपोर्ट चुकला नसेल ना?"

म्हणजे आठ दिवसांपूर्वी जिच्यावर चिडले, तिचाच प्रश्न माझ्या तोंडी! फरक एवढाच की त्यांनी गोळी सोडली, आणि मी गोळीवर खापर फोडत होते.

लॅबवाले भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, या पट्टीवर आम्ही मायक्रोस्कोपमधून जंत स्वतः डोळ्यांनी पाहतो. थायरॉईडची गोळी रक्तात जंत तयार करू शकते का?"

मी निरुत्तर झाले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे भंडाऱ्याला गेले तेव्हा ओळखीच्या एका पॅथॉलॉजीच्या डॉक्टर मॅडमना गाठलं आणि मनातलं सगळं विचारून घेतलं. त्यांनी जे समजावलं ते तुम्हा सगळ्यांना सांगावं असं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच. कारण हा घोळ एकट्या माझ्या घरचा नाही, घरोघरचा आहे.

हा गैरसमज येतो कुठून?

मॅडम म्हणाल्या, या गैरसमजाला थोडं कारणही आहे. शुगर तपासायला जातो तेव्हा उपाशीपोटी यायला सांगतात, आणि शुगरची सकाळची गोळी बहुतेक वेळा रक्त दिल्यावर घ्यायला सांगतात. थायरॉईडचं रक्त द्यायचं असेल तर पुष्कळ डॉक्टर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या म्हणतात. हे बरोबरच आहे. पण आपण बायका काय करतो, एका तपासणीचा नियम सगळ्या तपासण्यांना लावून टाकतो. मलेरिया असो, टायफॉईड असो, कावीळ असो, नाहीतर गरोदरपणातली एचआयव्हीची तपासणी असो... उपाशी राहायचं आणि गोळ्या बंद करायच्या! इन्फेक्शनच्या तपासणीला सहसा ना उपाशी राहावं लागतं, ना रोजची गोळी सोडावी लागते.

बीपीची गोळी, शुगरची गोळी, थायरॉईडची, ॲसिडिटीची, तापाची पॅरासिटामॉल, रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियम, पाळणा लांबवण्याची गोळी... यातल्या कशानंही हत्तीरोगाची पट्टी, मलेरियाची पट्टी, डेंग्यूची तपासणी, एचआयव्ही किंवा काविळीची तपासणी खोटी ठरत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर सुई टोचलेल्या जागी कापूस जरा जास्त वेळ दाबून धरायचा आणि तसं आधी सांगायचं, बस.

धानात शिरलेलं रानडुक्कर

मग औषधांचा काहीच संबंध नाही का? आहे. पण तो रोजच्या गोळ्यांचा नाही, वेगळ्याच औषधांचा आहे. मॅडमनी सांगितलेलं मी घरी येऊन सासूबाईंना आमच्या भाषेत समजावलं ते असं.

समजा, रात्री आपल्या धानात रानडुक्कर शिरलं. ते आपल्याला तीन प्रकारे कळतं. एक तर डुक्कर स्वतः दिसतं. नाहीतर बांधीत त्याच्या खुरांचे ठसे दिसतात. नाहीतर आपला कुत्रा भुंकून सांगतो. रक्ताच्या तपासण्याही अशाच तीन तऱ्हांच्या.

पहिल्या तऱ्हेत जंतू स्वतः शोधतात. हत्तीरोगाची, मलेरियाची काचपट्टी आणि टायफॉईडसाठी करतात ते ब्लड कल्चर या गटातले. दुसऱ्या तऱ्हेत जंतूनं मागे सोडलेला अंश शोधतात. मलेरियाचं झटपट कार्ड, डेंग्यूची एनएसवन, हिपॅटायटिस बी काविळीची तपासणी ही त्यातली. तिसऱ्या तऱ्हेत आपल्या शरीरानं त्या जंतूविरुद्ध तयार केलेले पदार्थ, म्हणजे अँटिबॉडी शोधतात. टायफॉईडची विडाल त्यातलीच. ही तपासणी १८९६ सालची आहे!

आता जंतूंना मारणारं औषध तपासणीच्या आधीच पोटात गेलं तर? डुकराला हाकलून मग बॅटरी घेऊन शेतात गेल्यासारखं होतं. डुक्कर दिसणार नाही. मलेरियाची गोळी आधी घेतली तर पट्टीवर जंतू कमी होतात, कधी दिसतच नाहीत. अँटिबायोटिक आधी घेतलं तर कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत. पण ठसे राहतात. मलेरियाचं कार्ड पूर्ण औषध घेऊन रुग्ण बरा झाल्यावरही दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस पॉझिटिव्ह दाखवू शकतं. तेव्हा ते बघून पुन्हा घाबरायचं नाही.

आणि कुत्र्यालाच गुंगी दिली तर तो भुंकेल कसा? स्टेरॉईडची औषधं शरीराची प्रतिक्रिया दाबतात. त्यानं सूज दाखवणारी सीआरपीसारखी तपासणी कमी येऊ शकते, उलट पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी कुणी स्टेरॉईड घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. पण तेही आपल्या मनानं एकदम बंद करायचं नाही, ते तर फारच धोक्याचं.

सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग माह्या बीपीच्या गोळीचा डुकराशी काय संबंध?" म्हटलं, "काहीच नाही आई, तेच तर सांगते!"

बहिणीच्या मुलीची गोष्ट

हे मला जास्तच पटलं, कारण माझ्या बहिणीच्या घरी नेमकं उलटं घडलं होतं. तिची मुलगी बारावीला. परीक्षेच्या महिनाभर आधी ताप. बहिणीनं दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. तीन गोळ्यांत ताप उतरल्यासारखा वाटला, चौथ्या दिवशी पुन्हा चढला. मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही औषध दिलंत का?" बहीण म्हणाली, "नाही, फक्त तापाची गोळी." रागावतील म्हणून लपवलं.

कल्चर केलं, जंतू सापडले नाहीत. बहीण म्हणाली, चला, टायफॉईड नाही! पण ताप काही जाईना. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा जंतू सापडले आणि मग बरोबर औषध सुरू झालं. तोवर पोर अर्धी झाली होती. परीक्षेला बसली ती तशाच अंगानं. बहीण अजून म्हणते, "त्या तीन गोळ्यांचं खरं सांगितलं असतं तर..."

मॅडमनी सांगितलं, टायफॉईड असूनही आणि काहीच औषध घेतलेलं नसतानाही शंभरातल्या साधारण चाळीस रुग्णांच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. त्यात आधीच अँटिबायोटिक पोटात असेल तर अजूनच अवघड. विडालचंही तसंच, लवकर सुरू केलेल्या अँटिबायोटिकनं ती मंद पडू शकते. उलट पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉईडमुळे किंवा दुसऱ्याच तापात ती पॉझिटिव्हही येऊ शकते. म्हणून एका विडालवर विश्वास ठेवून औषध सुरू करायचं नाही. डॉक्टरांना खरं कळलं असेल तर ते निगेटिव्ह रिपोर्टवर तेवढं विसंबत नाहीत, पुढचा विचार करतात. आपण लपवलं की त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधतो.

पूर्वी आपल्याकडे ताप दिसला की रिपोर्टची वाट न पाहता क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायची पद्धत होती. तुमच्यापैकी पुष्कळजणींना त्या कडू गोळ्या आठवत असतील. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात ती पद्धत नको असं ठरलं. आता आधी तपासणी, मग औषध.

केसांच्या गोळ्यांचं काय?

आता एक गोष्ट खास आपल्या बायकांसाठी. केस गळतात, नखं तुटतात म्हणून आजकाल आपल्याकडेही बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात. टीव्हीवर जाहिरात बघायची आणि मेडिकलमधून आणायच्या. मॅडम म्हणाल्या, रोजच्या वापरातली जी एक गोळी काही रिपोर्ट खरोखर चुकवू शकते ती ही! मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. या गोळ्यांत ते ५ हजार, १० हजार मायक्रोग्रॅमसुद्धा असतं. मोठ्या लॅबमधल्या काही मशिनींमध्ये तपासणीसाठी बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की मशीन फसते. थायरॉईडचा, हृदयाचा आणि काविळीसारख्या काही इन्फेक्शनचा रिपोर्ट कमी-जास्त येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

पण घाबरू नका. मायक्रोस्कोपखालच्या काचपट्टीशी याचा काही संबंध नाही. अशा गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टर सांगतील. केसांची गोळी चार दिवस बंद राहिली तर काही बिघडत नाही. बीपीची राहिली तर काय होतं ते आम्ही पाहिलं.

अजून एक. हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर साधारण अडीच आठवड्यांपर्यंत त्या काविळीची तपासणी उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते. लस नुकतीच घेतली असेल तर तेही सांगायचं.

आणि ज्या लेकीसुना गरोदर आहेत त्यांनी लोहाच्या, फॉलिक ॲसिडच्या, कॅल्शियमच्या गोळ्या तपासणीसाठी मुळीच बंद करू नयेत. एचआयव्हीची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली तरी सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्या करूनच नक्की सांगतात. गुप्तरोगाची व्हीडीआरएल तपासणी कधीकधी नुसत्या गरोदरपणामुळेही खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून तीही दुसऱ्या तपासणीनं पडताळतात. एका रिपोर्टवरून घरात भांडण नको, आणि सुनेकडे संशयानं बघणं तर नकोच नको.

रात्रीच का येतात?

आता माझ्या रक्ताकडे वळते. हत्तीरोगाचं रक्त रात्रीच का घेतात? सासूबाई म्हणायच्या, दिवसा लोक शेतात असतात म्हणून. खरं कारण वेगळं आहे. या जंतांची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, बोटाच्या रक्तापर्यंत येतात. म्हणजे या तपासणीत गोळीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं! मोठे जंत मात्र लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात. पाय हत्तीसारखा होतो तो त्यांच्यामुळे.

गंमत म्हणजे, ज्या औषधानं हा रोग बरा करतात त्या डीईसी गोळीचा या तपासणीशी दुहेरी संबंध आहे. या गोळीचा छोटा डोस दिला की अर्ध्या-एक तासात दडलेली पिल्लं दिवसाही रक्तात उतरतात. तेव्हा दिवसा रक्त घेऊन तपासता येतं. म्हणजे इथं औषध तपासणीला मदत करतं! पण तीच गोळी पूर्ण घेऊन झाली की पिल्लं मरतात आणि पुढे बरेच महिने पट्टी कोरी येऊ शकते. म्हणूनच गावात गोळ्या वाटायच्या आधी रात्रीचं रक्त घेतात. आणि ज्यांचा पाय आधीच खूप सुजलेला असतो त्यांच्या रक्तात पुष्कळदा जंतू दिसतच नाहीत. जंतू दिसतात ते माझ्यासारख्या धडधाकट दिसणाऱ्यांत. डास मला चावणार आणि माझ्यातला रोग दुसऱ्याला देणार. माझ्या लेकरांनासुद्धा.

हे ऐकलं आणि माझी मान खाली गेली. कारण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आपला भंडारा जिल्हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकी एक. देशात २००४ पासून अशा जिल्ह्यांत घरोघरी गोळ्या वाटतात. आशाताई दारात यायच्या, समोरच खा म्हणायच्या. मी म्हणायची, "जेवून घेते ना ताई, ठेवा." आणि त्या गोळ्या कपाटातल्या डब्यात जायच्या. मला काय झालंय, कशाला घ्यायच्या? थायरॉईडची गोळी मात्र रोज घ्यायची, कारण ती 'माझी' होती. ही गावाची होती.

रिपोर्ट आल्यावर तो डबा उघडला. गोळ्या तशाच होत्या, रंग गेलेल्या.

मग बारा दिवसांचा डीईसीचा कोर्स घेतला. पहिले दोन दिवस अंग दुखलं, थोडा ताप आला. जंत मरताना असं होतं म्हणे. थायरॉईडची गोळी डॉक्टरांना विचारून चालूच ठेवली. सासूबाई रोज समोर उभ्या राहायच्या, गोळी गिळल्यावर तोंड उघडायला लावायच्या! म्हणायच्या, "मले रागावत होती ना? आता तू दाखव."

एवढं लक्षात ठेवू या

तर मैत्रिणींनो, रक्त द्यायला जाताना गोळ्या सोडून जाऊ नका, गोळ्या सोबत घेऊन जा. आमच्या घरी आता एक छोटी पिशवी केली आहे. त्यात प्रत्येकाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात. दवाखान्यात ती पिशवीच टेबलावर ठेवायची. नावं पाठ नसली तरी चालतं.

ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल, पण अँटिबायोटिक आणि मलेरियाची गोळी आपल्या मनानं नको. आधी रक्त, मग औषध. आधीच घेतली असेल तर किती आणि कधी घेतली ते खरं सांगायचं. डॉक्टर रागावले तर रागावू देत, दोन मिनिटांचं रागावणं आहे ते. एखाद्या तपासणीसाठी गोळी थांबवायची असेलच तर ते डॉक्टर सांगतील, शेजारची काकू नाही.

आणि रिपोर्ट मनासारखा आला नाही तर लगेच गोळीवर ढकलू नका. मीही ढकललं होतं. शंका असेल तर पुन्हा तपासून घ्या, पण औषध पुढे ढकलू नका.

यंदा आशाताई गोळ्या घेऊन आल्या तेव्हा मी आधीच जेवून बसले होते. कारण या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात. गरोदर बाया, दोन वर्षांखालची लेकरं आणि फार आजारी माणसं सोडून घरातल्या सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. सासूबाईंनी आपली पाकिटांची पिशवी आशाताईंपुढे ठेवली आणि विचारलं, "पाहून घे बाई, याच्याबरोबर चालते ना?"

आशाताईंनी पाकिटं बघितली, रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "चालते आजी. घ्या."

सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी गोळ्या गिळल्या. आणि मग काही न बोलता माझ्याकडे पाण्याचा गडवा सरकवला.